फोन लावल्यावर पुढे काय होतं?

कुर्डुवाडी जंक्शनवर रात्री गाडीची वाट बघत बसण्याचा योग आपल्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. सोलापूर, पुणे, लातूर, पंढरपूर, मिरज अशा सगळ्या बाजूंच्या गाड्या इथे भेटतात. एक लेट झाली की दुसरी हमखास चुकते. मग काय, प्लॅटफॉर्मवरचा चहा, शेंगदाणे, डास आणि सबमिशनच्या गप्पा!

फर्स्ट इयरला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या दोन मैत्रिणी अशाच तिथे अडकलो होतो. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आमच्या बाकाशेजारी येऊन बसला. पायात चप्पल नाही, दंडावर काळेनिळे वळ. आम्ही त्याला वडापाव घेऊन दिला. नाव विचारलं तर सांगितलं नाही. "हे कशानं लागलं रे?" असं विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मला परत जायचं नाय." एवढंच. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात आमच्या गाडीची अनाउन्समेंट झाली. आम्ही बॅगा उचलल्या आणि चढलो. गाडी सुटली तेव्हा तो वडापावच्या कागदाची घडी घालत बसला होता.

आता खरं सांगायचं तर माझ्याकडे मोबाईल होता, त्याला रेंज होती. १०९८ हा नंबर माहीत नव्हता असंही नाही. शाळेच्या भिंतीवर तो मी वर्षानुवर्षं वाचला होता. मग फोन का नाही केला? कारण फोन लावल्यावर पुढे काय होतं हे माहीत नव्हतं. पोलीस आम्हालाच बसवून ठेवतील का? गाडी चुकेल का? त्याला पुन्हा त्याच घरी नेऊन सोडतील आणि मग तो जास्तच मार खाईल का? या प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती, म्हणून आम्ही तिघी शहाण्यासुरत्या मुली गप्प बसलो.

मित्रांनो, हा लेख त्या उत्तरांसाठी आहे. नंतर मी ही माहिती कायदे वाचून, विचारून गोळा केली. ती त्या रात्री असती तर फार बरं झालं असतं.

हे 'आपल्याकडे' होत नाही?

मुलांवरचे अत्याचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा अनोळखी, दाढी वाढलेला, चॉकलेट देणारा माणूस येतो. आणि हे सगळं मुंबईत वगैरे होतं, अशी एक समजूत असते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं आणि त्यात महाराष्ट्र आणि गोवा ही राज्यंही होती. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्त होते! छळ करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

का सांगितली नसेल? एक कारण भीती. दुसरं कारण, माझ्या मते, शब्दच नसतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे शरीराच्या प्रत्येक भागाचं इंग्लिश नाव आम्हाला स्पेलिंगसकट पाठ होतं, पण घरी मराठीत त्यातले निम्मे शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'शी', 'तिथे', 'खाली' यावरच सगळं भागायचं. मग लहान मूल सांगणार तरी काय? ते म्हणतं, "पोटात दुखतंय." ते म्हणतं, "मला त्या काकांकडे ट्यूशनला नको पाठवू." अंथरूण ओलं करायला लागतं, शाळेत जायला रडतं. आपण त्याला म्हणतो, "नाटकं करू नकोस."

दीडशे वर्षांपूर्वीची सोय

कुर्डुवाडी स्टेशनला पूर्वी 'बार्शी रोड' म्हणत. पंढरपूरला जाणारे वारकरी इथे उतरायचे आणि बैलगाडीनं किंवा पायी पुढे जायचे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी लाइन इथून बार्शीला गेली १८९७ साली आणि पंढरपूरला पोचली १९०६ मध्ये. पण आपल्या विषयाशी संबंधित गोष्ट त्याही आधीची आहे.

त्या काळी बालविधवांचे फार हाल होते. कोणा नातेवाइकानंच गैरफायदा घ्यायचा आणि दिवस गेले की बदनामी मात्र त्या मुलीची व्हायची. यात्रेच्या निमित्तानं अशा कितीतरी जणींना पंढरपूरला आणून सोडलं जायचं आणि जन्मलेली बाळं टाकून दिली जायची, कधी मारलीही जायची. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. पंढरपुरात १८७५ साली तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम उघडला. तोच पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. न्यायनिवाडा करणं हे त्या न्यायाधीशांचं कामच होतं. मनात आणलं असतं तर कोर्टात बसून शिक्षा सुनावण्यावर ते थांबू शकले असते. पण शिक्षेनं बाळाला दूध मिळत नाही. म्हणून गावातली, समाजातली माणसं उभी करावी लागली. आजही तेच आहे. कायदा, पोलीस, कोर्ट हवंच, पण त्याच्या आधी, सोबत आणि नंतरही मुलाला माणूस लागतो.

१०९८ ची गोष्ट

आता त्या नंबरकडे येऊ. १९९६ साली मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी फोन सेवा सुरू केली. दहा-नऊ-आठ, म्हणजे उलटी मोजणी! निरक्षर मुलालाही पाठ राहील असा नंबर. हळूहळू ही सेवा देशभर पसरली. गावोगावच्या स्वयंसेवी संस्था आणि कॉलेजं ती चालवायची. २०२३ मध्ये यात मोठा बदल झाला. मिशन वात्सल्यखाली ही हेल्पलाइन सरकारच्या महिला व बालविकास विभागाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. नंबर मात्र तोच राहिला. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

फोन मुलानं स्वतः केला तरी चालतो, आणि तुम्ही-आम्ही केला तरी चालतो. पुरावा लागत नाही, 'असं वाटतंय' एवढं पुरे. प्रामाणिक हेतूनं माहिती देणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होत नाही, असं पॉक्सो कायद्यातच लिहिलेलं आहे.

कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मवरून पुढे

आता समजा, त्या रात्री मी फोन केला असता, तर पुढे काय व्हायला हवं होतं?

स्टेशनवर दोन प्रकारचे पोलीस असतात. एक आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, आणि दुसरे लोहमार्ग पोलीस. घर सोडून आलेल्या, हरवलेल्या मुलांना शोधण्यासाठी आरपीएफ 'नन्हे फरिश्ते' नावाची मोहीम चालवतं. रेल्वेनं दिलेल्या आकड्यानुसार २०१८ ते मे २०२४ या काळात देशभरात अशी ८४,११९ मुलं त्यांनी सुरक्षित ताब्यात घेतली. म्हणजे फोन लावायची लाज वाटली तरी वर्दीतल्या पहिल्या माणसाला गाठून "ते मूल एकटं आहे" एवढं सांगणं शक्य होतं. गाडीसुद्धा चुकली नसती!

त्यानंतरचा प्रवास बाल न्याय कायद्यानं, म्हणजे २०१५ च्या कायद्यानं, ठरवून दिलेला आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. आपल्या बाबतीत ही समिती म्हणजे सोलापूरची. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावीच लागते. समितीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात, पण इथे मूल आरोपी नसतं. काळा कोट नाही, पिंजरा नाही.

मग समिती मुलाला लगेच घरी पाठवते का? नाही. माझी सगळ्यात मोठी भीती हीच होती. आधी घरची चौकशी होते. सामाजिक कार्यकर्ता किंवा बाल संरक्षण कक्षाचा माणूस घरी जातो, शेजारी-शाळेत विचारतो आणि अहवाल देतो. घर सुरक्षित असेल तर मूल घरी जातं, कारण घर तुटू नये हाच कायद्याचा पहिला विचार आहे. घर सुरक्षित नसेल तर आजी, मावशी असं कोणी नातेवाईक, पालक कुटुंब, नाहीतर बालगृह. नातेवाईक सांभाळायला तयार आहेत पण परिस्थिती नाही, अशा वेळी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण आजीला 'हो' म्हणायला तेवढा आधार होतो.

लैंगिक अत्याचार असेल तर

इथे दुसरा कायदा लागतो, तो म्हणजे पॉक्सो. तो नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचं कोणीही, मुलगा असो की मुलगी, त्यात येतं. या कायद्यातल्या काही गोष्टी आपल्याला पाठ असायला हव्यात. व्हायवाला कोणी विचारणार नाही, पण तरीही.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. शक्यतो सब-इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि युनिफॉर्म न घालता. कुठल्याही परिस्थितीत मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, आणि तपासणीच्या वेळी आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं. तातडीचे उपचार देताना दवाखान्यानं आधी पोलिसांचं पत्र मागायचं नाही. कोर्टात मुलाला आरोपीसमोर उभं करायचं नाही, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवायचा. मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो, काहीही छापायचं किंवा पसरवायचं नाही.

आणि एक कलम आपल्या सर्वांसाठी आहे. असा गुन्हा घडल्याचं माहीत असूनही जो कळवत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शाळा-संस्थेच्या प्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे 'आपल्याला काय करायचंय' हे वाक्य इथे कायद्यानंच बंद केलेलं आहे.

सोबतीचं माणूस

या सगळ्या प्रवासात मूल आणि त्याची आई एकटी पडतात. कागद इंग्रजीत, तारखा कळत नाहीत, सोलापूरला जायचं तर रोजगार बुडतो, नातेवाईक म्हणतात मिटवून टाका. यासाठी पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत एक फार चांगली सोय आहे. तिला म्हणतात सपोर्ट पर्सन. मुलाची आणि पालकांची संमती घेऊन बालकल्याण समिती हे माणूस नेमते. ते स्वयंसेवी संस्थेतलं असू शकतं, समाजकार्य शिकलेलं असू शकतं. ते वकील नव्हे आणि पोलीसही नव्हे. केस कुठवर आली हे साध्या भाषेत सांगणं, दवाखान्यात बरोबर जाणं, कोर्टाची खोली आधी दाखवून आणणं, शाळा सुटू नये हे बघणं, मदतीचा अर्ज भरायला लावणं ही त्याची कामं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सपोर्ट पर्सन नेमण्याबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले.

आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. लैंगिक अत्याचारात बळी पडलेल्या बालकांना आणि महिलांना तिच्यातून एक ते दहा लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून जातो. पण ही योजना आहे हेच आईला माहीत नसेल तर? तिथे पुन्हा सांगणारं माणूस लागतं.

फडातली आणि गावातली मुलं

स्टेशन हे एक टोक झालं. दुसरं टोक म्हणजे आपला माढा तालुका, उसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमाराला बीड वगैरे भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि शेतात कोपी बांधून राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, त्यामुळे लवकर लग्न लावून दिलं की हाताशी एक कोयता वाढतो असा हिशोब होतो. आई-बाप पहाटे फडात गेले की कोपीवर पोरीच उरतात, धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यांची शाळा गावाकडे सुटलेली, इथली शाळा त्यांना ओळखत नाही. असुरक्षित म्हणजे काय हे यापेक्षा वेगळं सांगायला नको.

अशा ठिकाणी १०९८ चा बोर्ड नसतो. तिथे पोचते ती अंगणवाडीताई आणि आशाताई. म्हणून गावपातळीवर 'ग्राम बाल संरक्षण समिती'ची कल्पना आली. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, आणि बरोबर शाळेचे मुख्याध्यापक, पोलीस पाटील वगैरे मंडळी. गावात कोणतं मूल शाळेत येईनासं झालं, कोणाच्या घरी मारहाण होते, कोणत्या मुलीचं लग्न ठरतंय, यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात ते ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. म्हणजे लग्न थांबवायला सोलापूरहून कोणी यायची वाट बघावी लागत नाही. अधिकार गावातच आहे!

आपल्या वयाचे लोक काय करतात?

तुम्ही म्हणाल, हे सगळं सरकारी झालं, यात आपण कुठे? शेजारच्या नगरचं उदाहरण घ्या (आता अहिल्यानगर). गिरीश कुलकर्णी नावाच्या तरुणानं १९८९ साली तिथल्या चित्रा गल्लीतल्या, म्हणजे वेश्यावस्तीतल्या, मुलांसाठी मित्रांच्या मदतीनं 'स्नेहालय' सुरू केलं. तेव्हा तो जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. पुढे त्यातून निवासी घर, दत्तक केंद्र, चाइल्डलाइन असं बरंच काही उभं राहिलं. मुंबईच्या स्टेशनांवर समतोल फाउंडेशनचे कार्यकर्ते घरून पळून आलेल्या मुलांना शोधतात, त्यांना शिबिरात ठेवतात आणि मन स्थिर झालं की घरी पोचवतात. नुसतं तिकीट काढून गाडीत बसवलं तर मूल पुढच्या स्टेशनला उतरतं, हे स्टेशनवर काम करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. ते का पळालं होतं हे आधी समजून घ्यावं लागतं.

पण सगळ्यांनीच संस्था काढायची गरज नाही. मला विचाराल तर आपल्यासारख्यांचं काम जास्त छोटं आणि जास्त अवघड आहे. मूल जेव्हा पहिल्यांदा सांगतं, तेव्हा नीट ऐकणं. त्याचे काही नियम आहेत.

पहिलं, विश्वास ठेवा. "खरंच का?" असं तोंडातून येऊ देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा.

दुसरं, उलटतपासणी करू नका. "तू ओरडला का नाहीस? आधी का नाही सांगितलंस?" हे प्रश्न मुलाला आरोपी बनवतात. ते जेवढं सांगेल तेवढं ऐका आणि नंतर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. सविस्तर विचारायला शिकलेली माणसं आहेत.

तिसरं, "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागेल. "जे मदत करू शकतात फक्त त्यांनाच सांगेन" असं म्हणा.

चौथं, हिरोगिरी नको. ज्यानं केलं त्याला जाऊन जाब विचारू नका. तो सावध होतो आणि मुलाला धमकावतो. मुलाला परस्पर आपल्या रूमवर किंवा घरीही नेऊ नका.

पाचवं, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. 'हे मूल सापडले आहे, शेअर करा' हा मेसेज ज्याच्यापासून मूल पळालं त्याच्याच मोबाईलवर पोचू शकतो.

सहावं, गावकी-भावकीत बसून मिटवू देऊ नका. पैसे घेऊन किंवा लग्न लावून 'प्रकरण मिटलं' म्हणतात तेव्हा फक्त मोठ्यांचं मिटलेलं असतं.

साखळी कुठे तुटते?

आता कोणी म्हणेल, हे सगळं कागदावर छान आहे, प्रत्यक्षात काय? बरोबर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या छोट्या मुलींच्या बाबतीत काय झालं हे आपण सर्वांनी वाचलं. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि शेवटी संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. कायदा बारा वर्षं जुना होता, तरी साखळीतली एक कडी हलली नाही. खटले वर्षात संपायला हवेत, पण अनेक रखडतात. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे छळ करणारा घरातलाच कमावता माणूस असेल, तर तक्रार करणाऱ्या आईपुढे 'उद्या चूल कशी पेटणार' हा प्रश्न असतो. त्या आईला नावं ठेवणं सोपं आहे.

आपण इंजिनिअरिंगची मुलं, म्हणून आपल्या भाषेत सांगते. ही सगळी व्यवस्था सिरीज सर्किटसारखी आहे. सांगणारं मूल, ऐकणारं माणूस, हेल्पलाइन, पोलीस, डॉक्टर, समिती, कोर्ट. यातला एक कॉन्टॅक्ट उघडा राहिला की करंट शून्य. पुढचे कॉन्टॅक्ट आपल्या हातात नाहीत, ते सुधारण्यासाठी भांडावं लागेल, आणि भांडलंही पाहिजे. पण पहिला कॉन्टॅक्ट, म्हणजे ऐकणारं माणूस, तो आपण सिरीजऐवजी पॅरलल करू शकतो. एका मुलाभोवती एकच आई नको. शेजारची काकू, रिक्षावाले मामा, मेसवाल्या मावशी, एनएसएसची पोरं, कॅन्टीनचा दादा, प्लॅटफॉर्मवरचा चहावाला, असे दहा रस्ते हवेत. एक बंद असला तरी दुसऱ्यातून करंट जाईल.

दुसरी गोष्ट फीडबॅकची. फोन करून विसरून जायचं नाही. दोन दिवसांनी परत विचारायचं, "त्या मुलाचं पुढे काय झालं?" गोपनीयतेमुळे सगळं सांगणार नाहीत, ते योग्यच आहे. पण कोणीतरी विचारतंय हे कळलं की फाईल हलते.

आपल्या कॉलेजच्या एनएसएस युनिटनं यंदाच्या कॅम्पमध्ये झाडं लावावीतच. पण त्याबरोबर एक दिवस गावच्या बाल संरक्षण समितीची शेवटची बैठक कधी झाली हे सरपंचांना आणि अंगणवाडीताईंना जाऊन विचारावं. झाली नसेल तर आपल्या समोर घ्यायला लावावी. शाळेच्या भिंतीवर १०९८ रंगवताना खाली एक ओळ आणखी लिहावी, 'फोन केल्यास कोणीही तुझ्यावर रागावणार नाही.' त्याची गरज किती आहे हे मला त्या रात्री कळलं, आणि मी तर तेव्हा अठरा वर्षांची होते.

तो मुलगा कुठे आहे, मला माहीत नाही. कदाचित आमच्यानंतर कोणी शहाणं माणूस त्याच्याशेजारी बसलं असेल आणि त्यानं फोन लावला असेल. कदाचित नसेलही. आता कुर्डुवाडीला उतरले की मी आधी प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांपर्यंत नजर टाकते. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नाही. तो आता तोंडपाठ आहे.

दहा, नऊ, आठ. तुम्हीही एकदा मोठ्यानं म्हणून बघा.